फिलमाँटला निघालेल्या सईस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र झिपलॉकमध्ये घालून तुझ्या रेनकोटच्या खिशात ठेवते आहे. फिलमाँटला, म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या डोंगरातल्या स्काउटांच्या त्या मोठ्या रानात, बेस कॅम्पला पोचलीस की वाच. एकदा डोंगरात शिरलात की फोन नाही, आणि हे तुला त्याआधी कळायला हवं.

क्रूतल्या, म्हणजे ट्रेकच्या गटातल्या, मुलींनी तुला लीडर निवडलंय. बाबा अॅडव्हायझर म्हणून सोबत आहे, म्हणूनच हे लिहायला बसले. फिलमाँटची पद्धत अशी की किती वाजता उठायचं, कोणती वाट धरायची, भांडी कोणी घासायची, हे सगळं मुलांनी ठरवायचं. मोठी माणसं मागे. रेंजर म्हणजे तिथला मार्गदर्शक, तोसुद्धा सुरुवातीचे दिवस बरोबर चालतो, शिकवतो आणि निरोप घेतो. बाबाला नकाशा हातात घ्यायची फार हौस आहे. फाट्यावर जरा अडलात की तो पुढे सरकेल. तेव्हा सरळ सांग, "बाबा, आम्ही बघतो." तो रागावणार नाही, आमचं बोलणं झालंय. वाट चुकली तर चुकू दे. कुठे चुकली ते मुलींनी मिळून शोधलं, तर पुढच्या फाट्यावर त्या आपणहून नकाशा उघडतील.

ह्यूस्टनमध्ये चढ कुठला! पाठीवर सॅक घेऊन पार्किंगच्या इमारतीचे जिने चढलात, पाय तयार झाले. पण विरळ हवेची सवय इथे होत नाही. तिथला बेस कॅम्पच साधारण ६,७०० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, ५,४०० फूट. म्हणजे तुमची सुरुवातच कळसूबाईच्या माथ्याहून वर, आणि बाल्डीचं शिखर १२,४४१ फुटांवर. कोणाचं डोकं दुखेल, कोणाला जेवण जाणार नाही. मुली हे लाजून सांगत नाहीत. तू रोज संध्याकाळी प्रत्येकीला वेगळं गाठून विचार: पाणी किती प्यालीस, लघवीचा रंग कसा आहे. आणि जी सगळ्यात हळू चालते तिला पुढे ठेव. ती मागे राहिली की बाकीच्या विसावा घेऊन उठतात तेव्हा ती नुकती पोचलेली असते, तिला विसावा मिळतच नाही. सह्याद्रीत आम्ही हेच करायचो.

भीती मला अस्वलांची नाही, विजेची वाटते. न्यू मेक्सिकोतही जुलै-ऑगस्टात मान्सून असतो. सकाळी निळंभोर आकाश आणि दुपारी गडगडाट. बाल्डीच्या वरच्या अंगाला झाडं नाहीत, नुसते सुटे दगड. तिथे उभं माणूस म्हणजे सगळ्यात उंच वस्तू. म्हणून अंधारातच निघा आणि दुपारच्या आत खाली झाडीत या. ढग काळे व्हायला लागले, शिखर अगदी समोर दिसतंय आणि कोणीतरी म्हणतंय, "दहाच मिनिटं उरलीत," तेव्हा परत फिरायचं हे तू सांगायचं. ते म्हणणारा बाबा असला तरी. एवढ्यासाठी वर्षभर तयारी केली, पैसे भरले, असलं काहीही त्या वेळी मनात आणू नकोस. उघड्यावर सापडलातच तर एकमेकींपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडव्या बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलू नका.

तंबू लावताना आधी वर बघा. २०१८ साली यूट पार्कच्या वणव्यात तिथलं बरंच जंगल जळालं, त्या उन्हाळ्यातले डोंगरातले सगळे ट्रेक रद्द झाले होते. जळकी झाडं वाऱ्याने कधीही कोसळतात. तशा झाडाखाली झोपायचं नाही, जागा कितीही सपाट असो.

अस्वलांचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी एक सांगते, कारण हे बाबा सांगणार नाही. वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलांच्या हाती लागू नये म्हणून झाडावर टांगलेल्या बेअर बॅगमध्ये जाते: टूथपेस्ट, लिप बाम, सनस्क्रीन. पाळी आली तर वापरलेले पॅडसुद्धा. निळ्या पाउचमध्ये जास्तीच्या पिशव्या ठेवल्यात. कोणा मुलीला अचानक आली आणि ती गप्प बसली, तर ते तंबूतच राहील. पहिल्याच रात्री सगळ्यांसमोर मोकळेपणाने बोलून टाक. लीडर बोलली की इतरजणी बोलतात. दाण्याच्या चटणीची पुडी दिली आहे, तीही रात्री त्याच बॅगेत.

ज्या जमिनीवर तुम्ही चालणार आहात ती वेट फिलिप्स नावाच्या तेल व्यावसायिकाने स्काउटांना दिली. १९३८ मध्ये ३५,८५७ एकर, मग १९४१ मध्ये आणखी पुष्कळ. शिवाय टल्सा शहरातली आपली फिलटॉवर ही इमारत दिली, तिच्या भाड्यातून रानाचा खर्च निघावा म्हणून. नुसती जमीन देऊन ती राखली जात नाही, हे ओळखणारा माणूस मला फार मोठा वाटतो. ट्रेकमध्ये तुम्हाला काही तास वाटा दुरुस्त करण्याचं काम असतं ना, ते मनापासून करा. मुलींना स्काउटांच्या ट्रूपमध्ये, म्हणजे तुकडीत, घ्यायला २०१९ साल उजाडलं. तुमच्या पाठोपाठ बऱ्याच मुली त्या वाटांवरून येणार आहेत.

पायमोजे ओले झाले की लगेच बदल. फोड येण्याआधी त्वचा गरम लागते, तेव्हाच थांबून टेप लाव, सगळी रांग थांबली तरी चालेल.

बेस कॅम्पला परत आलात की आधी आंघोळ कर, मग फोन. कितीही वाजता कर, मी उचलेन.

तुझी,
आई