स्टेज बांधलं, कुंपण राहिलं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. कार्यक्रम रंगला, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि हिशेबाला बसलास तेव्हा हाती फक्त जागरण उरलं, असं लिहिलंयस. वर हे वाक्य: ‘आपण कलाकार माणसं, आपल्याला धंदा कुठला जमायला!’ ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडलो.

अरे, दीडशे लाइट क्यू, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्या खुणा, ज्याला सेकंदाबरहुकूम पाठ असतात, त्याला बेरीज-वजाबाकी येत नाही हे मी कसं मानू? हिशेब तुला येतो. पैशाचं बोलायची लाज वाटते, इतकंच. म्हणून तू ते बोलणं कार्यक्रम संपेपर्यंत लांबवतोस, आणि तोवर समोरच्याला तुझी गरज उरलेली नसते.

१९६९चा अमेरिकेतला वुडस्टॉक संगीत महोत्सव आठव. आधी ठरलेल्या गावाने परवानगी नाकारली. नवी जागा मिळाली तेव्हा हातात जेमतेम महिना होता. वेळ आणि माणसं दोन्ही अपुरी. स्टेज पूर्ण करायचं की कुंपण आणि तिकीट खिडक्या? आयोजकांनी स्टेज निवडलं. चार लाखांहून जास्त लोक आले, बहुतेक फुकट आत शिरले, आणि ते दहा लाख डॉलरहून अधिक कर्जात गेले. ते कर्ज फिटायला बरीच वर्षं लागली, तेही मुख्यतः महोत्सवावरच्या चित्रपटाच्या आणि ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नातून. मीही त्यांच्या जागी स्टेजच निवडलं असतं, खोटं कशाला बोलू? पण तू दर वेळी कुंपण सोडून देतोस, वेळ हाताशी असतानासुद्धा.

आता तुझंच गणित घे. पाचशे खुर्च्या. त्यातल्या चाळीस पाहुण्यांच्या, म्हणजे विकायला ४६०. हॉल, ध्वनी, प्रवास, मानधन हा खर्च दहा माणसं आली तरी तेवढाच. समज, तो २४० तिकिटांच्या किमतीएवढा आहे. तू म्हणशील, २४० विकली की सुटलो. पण विक्रीचं कमिशन आणि कर धरून प्रत्येक तिकिटातले वीस टक्के तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे तीनशे विकली तेव्हा कुठे बरोबरी, आणि त्यात तुझी स्वतःची मजुरी धरली आहेस का? बहुधा नाहीस. तू ती कधीच धरत नाहीस. शिवाय ऐनवेळी लागणाऱ्या खर्चासाठी दहा टक्के बाजूला नसतील, तर एक बंद पडलेला जनरेटरसुद्धा तुझा नफा खाऊन जाईल.

माझी फजिती तुला सांगितली नव्हती. एका कंपनीच्या वर्धापनदिनाचं काम होतं. ‘बदल करून देऊ’ असं मोघम लिहून मोकळा झालो. किती वेळा, ते लिहिलं नाही. अकरा वेळा रंगमंचाचा आराखडा बदलला. शेवटी पहिलाच बरा होता म्हणाले! तेव्हापासून दोन फेऱ्या फुकट आणि तिसरीपासून वेगळं बिल, हे कोटेशनमध्येच येतं. गंमत म्हणजे कुणी रागावलं नाही. उलट लोक पहिल्याच वेळी विचार करून बोलायला लागले.

आगाऊ रकमेचंही तसंच. साउंडवाला, सुतार, गाडी यांचे पैसे आधी जातात आणि तुझं बिल महिन्या-दोन महिन्यांनी निघतं. कागदावर फायदा असतो, खिसा मात्र रिकामा. ॲडव्हान्स घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. नाहीतर तू ग्राहकाला बिनव्याजी कर्ज देतोयस. कार्यक्रम कुणी रद्द केला तर काय, पावसाने रद्द झाला तर काय, हेही आधीच लिहून घे. भांडण झाल्यावर कुणालाच आठवत नाही काय बोलणं झालं होतं.

आणि हक्क! या वेळी तुझ्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, ते आता कुठेकुठे वापरणार हे विचारलंस का? गाण्याची रचना एकाची, त्याचं ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या मालकीचं, असं सर्रास असतं. मंचावर एकदा सादर करायची परवानगी म्हणजे कायम प्रसारित करायची परवानगी नव्हे. वुडस्टॉकवाल्यांना शेवटी याच हक्कांनी तारलं, हे विसरू नकोस.

दर कमी करून काम मिळवायचं तुझ्या डोक्यात आहे, ते आधी काढून टाक. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं होतं की चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वीइतकाच वेळ आणि तितकीच माणसं मागते. कारखान्यात वेग वाढवून खर्च उतरवता येतो. तालीम अर्ध्या वेळात उरकलीस तर ते लगेच मंचावर दिसतं. तू कमी केलेला दर तुझ्याच झोपेतून जाणार.

पुढच्या कामाचं कोटेशन पाठवण्याआधी मला दाखव. आकडा लिहून पुढे ‘तुम्हाला योग्य वाटेल ते’ असं जोडलं असशील तर फाडून टाकीन. आणि दिवे मंद-तेज करायचे तुझे दोन डिमर माझ्याकडे पडून आहेत, ते ने. अजून भाडं लावलेलं नाही.

तुझाच,
जुना साथीदार