टेल सिटी दाखवणाऱ्या काकांना मनापासून थँक्यू

काका, फोनवर थँक्यू म्हटलं पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एखाद्या गावाचा इतिहास हवा होता, तर तुम्ही इव्हान्सव्हिलहून गाडी काढून आम्हाला थेट टेल सिटीलाच नेलंत, वर काकूंचा डबा!

मला वाटायचं नदीकाठची गावं आपोआप वाढतात, आधी चार घरं मग बाजार. हे गाव मात्र आधी कागदावर वसलं हे तुमच्यामुळे कळलं. 1856 मध्ये सिनसिनाटीच्या स्विस लोकांनी सोसायटी काढली, पैसे जमवले, बोटी लागतील असा काठ शोधायला माणसं पाठवली आणि ओहायो नदीवर चार हजार एकरांहून जास्त जमीन घेतली, मग 1858 ला लोक राहायला आले. केवढी हिंमत लागते हो याला! आणि रस्ते किती रुंद, मोठं शहर होणार याची खात्रीच होती त्यांना. रस्त्यांना नावं पण कोणाची, तर मोझार्ट, जर्मन कवी शिलर, छपाईवाला गुटेनबर्ग आणि शेजारी वॉशिंग्टन. एका रस्त्याचं नाव पेस्टालोझी, हा मुलांना शिकवायची पद्धत बदलणारा स्विस शिक्षक, हे तुम्ही सांगितल्यावर लेक त्या पाटीखालून हलेचना, फोटोवर फोटो.

सगळ्यात आवडलं ते तुमच्या गॅरेजमधलं. ती जुनी मेपलची खुर्ची तुम्ही उलटी केलीत आणि बैठकीच्या खाली टेल सिटी चेअर कंपनीचा शिक्का दाखवलात, पुसट झालाय पण बोट फिरवलं की लागतो. आजूबाजूला चांगल्या लाकडाची जंगलं, लोकांच्या हातात कारागिरी, माल न्यायला दारात नदी, म्हणून इथे फर्निचर वाढलं, हे लेकीला त्या खुर्चीपाशीच पटलं, पुस्तकातून नसतं पटलं.

1937 च्या पुराचं सांगताना तुम्ही त्या पूरभिंतीपाशी थांबलात ना, ज्या नदीसाठी गाव इथे वसवलं तिच्याच आड भिंत घालावी लागली, मला फार वाईट वाटलं ते ऐकून. लेकीने प्रोजेक्टमध्ये एक अख्खं पान त्यावरच लिहिलंय.

ऑगस्टमध्ये गावाच्या स्विस उत्सवाला, श्वायझर फेस्टला, आम्ही नक्की येतोय, डबा या वेळी माझ्याकडून, काकूंना काही करू देऊ नका. आणि त्या शिक्क्याचा क्लिअर फोटो पाठवाल का प्लीज, लेकीला प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लावायचाय.