चिलटांच्या पोटातली गोट्यांची पिशवी

नागपूर, रविवार रात्र

सुम्या,

परवा काकांना भेटायला आलो तेव्हा वॉर्डच्या दारात तू विचारलंस, बाबांच्या आतड्याचा तुकडा काढावा लागला अन् तू अजून चिलटंच मोजून राहिला का बे, याचा त्याच्याशी काय संबंध? तिथे मला धड बोलता आलं नाही. ते दोन दिवस डोक्यात घोळून राहिलं म्हणून आज बसून लिहितो, थोडं लांबेल पण वाच.

केळी जास्त पिकली की ज्या बारीक माश्या घोंगावतात ना, तीच आमच्या लॅबमधली चिलटं. क्रोमोसोमच्या फक्त ४ जोड्या, २५ डिग्रीत ठेवलं की अंड्यापासून उडणारी माशी १० दिवसांत तयार, म्हणून एखादा जीन बिघडवला तर काय होतं ते दोन-तीन आठवड्यांत कळतं. खायला मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर, शिजवलं की अख्ख्या मजल्यावर आंबूस वास. क्रॉस लावायचा, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीची जोडी जमवायची, तर मादी व्हर्जिनच लागते, अन् मादी जन्मल्यावर आठेक तासांत मिलनाला तयार होते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ जाऊन बाटल्या रिकाम्या कराव्याच लागतात. कार्बन डायऑक्साइड देऊन माश्या निपचित पाडायच्या आणि मायक्रोस्कोपखाली ब्रशने एकेक उलटवायची. नुकती जन्मलेली फिकट असते, पोटात कातडीआडून एक काळपट ठिपका दिसतो. तो दिसला की व्हर्जिन, नाही दिसला अन् वेळ उलटून गेली असेल की सोडून द्यायची.

आता मुद्दा. मादीच्या अंडाशयात पंधरा-वीस नळ्या असतात, चिमट्याने ओढल्या की मोत्यांच्या सरांसारख्या सुट्या होतात. प्रत्येक नळीच्या अगदी टोकाला दोन-तीन स्टेम सेल, म्हणजे विभागून नव्या पेशी देत राहणाऱ्या मूळ पेशी, त्यांना चिकटून टोपीसारख्या बसलेल्या काही कॅप सेल, आणि सगळा खेळ या चिकटण्याचा आहे यार. कॅप सेलच्या बाजूने डीपीपी नावाचा सिग्नल येतो, तो स्टेम सेलमधला बॅम हा जीन दाबून ठेवतो. स्टेम सेल विभागली की एक लेक टोकाला चिकटून राहते, दुसरी एका पेशीएवढी लांब सरकते. फक्त एका पेशीएवढी! तिच्यापर्यंत सिग्नल पुरत नाही, बॅम चालू होतो, ती चारदा विभागून १६ पेशी होतात, त्यातली एक अंडं होते आणि बाकीच्या १५ तिला पोसतात. म्हणजे दोघी बहिणी जन्मतः जवळपास सारख्याच, कोणी काय व्हायचं ते कोण कुठे बसली यावर ठरतं. झी आणि स्प्रॅडलिंग यांनी २००० मधे दाखवलं की टोकाची एक जागा रिकामी झाली तर शेजारची स्टेम सेल आडवी विभागते आणि तिची लेक त्या जागेवर बसून स्टेम सेलच होते. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बॅम मोडलेल्या माशीचं अंडाशय मी पहिल्यांदा कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर पाहिलं ते कधीच विसरणार नाही. स्टेम सेलमधे एक गोल ठिपका असतो, आम्ही तो लाल रंगवतो, पेशी पुढे निघाली की त्याला फांद्या फुटतात. त्या नळीत एकही फांदी नव्हती, टोकापासून शेवटपर्यंत नुसते गोल लाल ठिपके, हजारो पेशी आणि पुढे जायला एकही तयार नाही. बॅमचं पूर्ण नाव ज्या इंग्रजी शब्दांवरून आलं त्यांचा अर्थच गोट्यांची पिशवी. शाळेच्या मागे आपण खिसे भरून कंचे आणायचो, तेच आठवलं. पण ते खरं तर ट्युमर आहे, तेव्हा पोटात कसंसंच झालं.

अन् इथेच काकांचा संबंध येतो. चिलटाच्या आतड्यातही स्टेम सेल आहेत, हे २००६ मधे दोन टीमनी वेगवेगळं शोधलं. आतडं सतत झिजतं, त्या ते भरून काढतात. पण त्यांच्यातला एपीसी जीन काढून टाकला तर त्या थांबतच नाहीत, विभागत सुटतात. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमधे हाच एपीसी बिघडलेला सापडतो, तोही बरेचदा अगदी सुरुवातीला. माझ्या बाटल्यांतून काकांचं औषध निघेल असं मी तुला सांगणार नाही, ते खोटं होईल. पण जी पेशी थांबायला हवी होती ती का थांबली नाही, हे माणसात तपासायला वर्षं लागतात, माशीत महिन्याभरात विचारता येतं.

मे मधे मात्र फार वाईट झालं. बाहेर ४५, रात्री लाइट गेली, जनरेटर लागला नाही आणि कोणी कळवलंही नाही. सकाळी इन्क्युबेटर उघडलं तर आत भट्टी, दोन वर्षांचे स्टॉक, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या माश्या, बाटल्यांच्या तळाशी मरून पडलेल्या. जे नर जिवंत होते तेही उष्णतेने वांझ झालेले. मी तिथेच फरशीवर बसलो. काही लाइन्स बेंगळुरूहून परत मागवल्या, एक मात्र पुन्हा पहिल्यापासून बांधून राहिलोय, तिसरी पिढी परवा निघेल.

काकांना हे सगळं सांगू नको, फक्त सांग की पक्या गुरुवारी येईल आणि काकूंनी सांगितलेली मुगाची खिचडी आईकडून घेऊन येईल. तू पुण्याला परत जायच्या आधी एकदा संध्याकाळी लॅबमधे ये, तुला ती गोट्यांची स्लाइड दाखवायची आहे. आता उठतो, साडेनऊ वाजले, व्हर्जिन काढायच्या राहिल्यात.

तुझा,
पक्या