ते एक वाक्य खोड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. ‘शेती आली आणि बाई घरात बसली’ हे वाक्य मोठं झोकदार आहे. पण बसली कुठे रे?

सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाची, सुरुवातीच्या शेतकऱ्यांची फार जुनी वस्ती होती. धरणात बुडण्याआधी, १९७२-७३ साली, तिथे घाईघाईने उत्खनन झालं. तिथली हाडं थिया मॉलेसन या हाडांच्या अभ्यासक बाईंनी तपासली. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा, आणि हे मुख्यतः बायकांच्या सांगाड्यांत. त्यांनी लावलेला अर्थ असा: दगडी पाट्यापुढे गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून, तासन्‌तास धान्य रगडण्याची ही खूण. काल मी फरशीवर तशी बसून पाहिलं. पाच मिनिटांत भिंत धरून उठले. (हसू नकोस.)

हातांचंही तेच. २०१७ मध्ये संशोधकांनी मध्य युरोपातल्या नवाश्मयुगीन, म्हणजे शेती नवी होती त्या काळातल्या, बायकांच्या दंडाची हाडं केंब्रिजच्या वल्हेकरी मुलींच्या हाडांशी ताडून पाहिली. त्या जुन्या बायकांची हाडं ११ ते १६ टक्के अधिक मजबूत निघाली. रोज बोटी वल्हवणाऱ्या पोरींपेक्षा!

म्हणजे काम सुटलं नाही, उलट वाढलं. त्यात बाळंतपणंही. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या, शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या भटक्या कुंग बायकांच्या दोन मुलांत साधारण चार वर्षांचं अंतर असे. कडेवर एकच मूल घेऊन मैलोन्‌मैल चालता येतं. एका जागी राहायला लागल्यावर आणि तान्ह्याला धान्याची पेज मिळू लागल्यावर ते अंतर घटलं.

तुझी खरी गल्लत नांगरापाशी आहे: शेती म्हणजे नांगर असं तू धरून चाललास. नांगर शेतीबरोबर आला नाही, काही हजार वर्षांनी आला. एस्टर बोसरप या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये मांडलं की कुदळीच्या शेतीत बायकांचा वाटा मोठा असतो. नांगराला दंडाची ताकद लागते, जनावरं आवरावी लागतात आणि जवळ लहान मूल ठेवता येत नाही, म्हणून शेत पुरुषाच्या हाती जातं. मला हे पटतं. मात्र जमीन वारशाने कुणाकडे जाते, हा धागाही त्यात हवा. एकट्या नांगरावर सगळं ढकलू नकोस.

आणि ‘त्याआधी पुरुष शिकारी, बाई कंदमुळं खणणारी’ हेही जरा जपून लिही. पेरूमध्ये सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या एका दफनात विशीच्या आतल्या मुलीजवळ शिकारीची हत्यारं ठेवलेली सापडली आहेत.

तर ते वाक्य खोड. त्याजागी काय लिहायचं ते तुझं तू ठरव, पण आधी पाच मिनिटं तसा बसून बघ.

तुझी,
आई