शिळाछाप म्हणजे नक्कल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत १९१३ च्या ‘आर्मरी शो’ या आधुनिक कलेच्या प्रदर्शनावरचा लेख वाचला. फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशाँच्या जिना उतरणाऱ्या आकृतीवरून न्यूयॉर्कमध्ये उठलेला गदारोळ लेखकाने छान रंगवला आहे. पण ते प्रदर्शन भरवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष, अमेरिकन चित्रकार आर्थर बी. डेव्हिस यांना एका वाक्यात उरकले आणि त्यांच्या लिथोग्राफखाली (शिळाछाप चित्राखाली) ‘रेखाचित्राची छापील प्रत’ अशी ओळ टाकली. ही ओळ चूक आहे. ती दुरुस्त व्हावी, यासाठी हे पत्र.

लिथोग्राफ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती येते. ती तैलचित्रांवरून कारागिरांनी शिळांवर उतरवलेली, घरोघर पोचलेली चित्रे. त्यांचे मोल वेगळे. चित्रकार स्वतः शिळेवर काढतो तेव्हा मात्र छापून निघालेला कागद हेच मूळ चित्र असते. विद्यार्थिदशेत मी हे काम केले आहे. चुनखडीची शिळा वाळूने घासून तिला दाणा आणायचा, चरबीच्या खडूने उलटे चित्र काढायचे, मग डिंक आणि आम्लाचा हात द्यायचा. ओल्या शिळेवर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चरबीला धरते. छपाई संपली की शिळा पुन्हा घासायची, चित्र गेले. उरतात ते कागदच.

डेव्हिस (१८६२–१९२८) प्रतीकवादी, म्हणजे दिसते त्यापेक्षा स्वप्न आणि कल्पना रंगवणाऱ्या वृत्तीचे. नवलाच्या डोंगरउतारांवर नाचणाऱ्या, झोपेत चालल्यासारख्या नग्न आकृती त्यांनी आयुष्यभर काढल्या. उत्तरायुष्यात तर प्राचीन ग्रीक शिल्पकार श्वास आत घेतल्याचा क्षण पकडत असत, या कल्पनेने ते झपाटले होते. उंचावलेली छाती, ताणलेली मान, जमिनीवरून सुटू पाहणारे पाय. ही तरंगती अवस्था खडूच्या दाण्यात जशी उतरते तशी तैलरंगातही उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दाण्यादाण्यामधून कागदाचा पांढरा उजेड झिरपतो आणि आकृतीची कड कुठे संपली ते कळत नाही. मला तरी स्वप्न म्हणतात ते तिथेच सापडते.

आर्मरी शोमध्ये फ्रेंच चित्रकार ओदिलों रेदों यांना मोठी जागा मिळाली, हेही लेखात हवे होते. काळ्या खडूने शिळेवर स्वप्ने काढण्यात रेदोंचा हात धरणारा विरळाच. डेव्हिस यांचा सल्ला मानणाऱ्या संग्राहक लिली ब्लिस पुढे १९२९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या तीन संस्थापिकांपैकी एक झाल्या. डेव्हिस यांच्यासारख्या माणसाला एक वाक्य फार थोडे आहे.

पुढच्या पुरवणीत ते चित्र पुन्हा छापावे, खाली ‘लिथोग्राफ : आर्थर बी. डेव्हिस’ एवढेच लिहावे. आणि चार स्तंभांत घ्यावे. दोन स्तंभांत खडूचा दाणा दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा