चिनूच्या ऑपरेशनाआधी

नाशिक

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ऑपरेशन ठरवलंत ते बरं केलंत. चार वर्षांच्या पोराचा जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही, आणि अडकला तर रात्री-अपरात्री धावपळ. सर्जनबद्दल तू पानभर लिहिलंस, शेवटी "भूल नीट उतरेल ना?" एवढं विचारलंस. उतरेल रे. हे सगळेच विचारतात. "दुखू नये म्हणून काय देणार?" असं विचारणारा बाप क्वचितच भेटतो. तू विचार.

मुलांचं दुखणं कुणी हिशेबातच धरत नव्हतं, तो काळ फार जुना नाही. १९८५ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळावर हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं, ते नुसतं हालचाल थांबवणारं औषध देऊन. वेदनेवर काहीच नाही. आईला ते मागाहून कळलं, आणि ती गप्प बसली नाही. तेव्हाची समजूत अशी की इतक्या लहानग्यांना वेदना कळतच नाहीत, आणि भूल मात्र झेपत नाही. त्याच सुमारास इंदूरहून एमबीबीएस करून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी अशाच बाळांवर अभ्यास केला. फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी आला आणि ऑपरेशननंतरच्या तक्रारीही कमी झाल्या. १९८७ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपण तेव्हा शाळेत होतो!

आता चिनूचं. भूल द्यायला मी असतो तर मास्कमधून सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू देऊन झोपवला असता, सलाईनची सुई त्यानंतर. मग कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, माकडहाडाच्या वर बोटाने दोन हाडांची टोकं चाचपायची. त्यांच्यामधून सुई आत जाताना पडदा 'टप्प' सुटल्याचं हाताला कळतं. तिथे वजनाप्रमाणे बुपिवाकेन, म्हणजे तेवढा भाग बधिर करणारं औषध. याला कॉडल म्हणतात. काही तास कमरेखाली दुखत नाही, पाय थोडे जड राहतात. तो असर ओसरायच्या आत पॅरासिटामॉल सुरू करायचं आणि पहिले एक-दोन दिवस घड्याळ लावून द्यायचं. 'रडला तर देऊ' ही पद्धत मला मुळीच पसंत नाही.

रात्री बारापासून पाणीही बंद, असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचार. जेवण, दूध सहा तास आधी बंद, हे बरोबर. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. तहानलेलं पोर उगाच किरकिरतं.

"फिरायला चाललोय" असलं काही त्याला सांगू नका. झोपवणार, उठल्यावर आई असेल, एवढं पुरे.

आणि वहिनींना आधीच सांगून ठेव: जागा होताना तो हातपाय झाडेल, कदाचित तुम्हाला ओळखणारही नाही. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं, ते दुखणंच असेल असं नाही. पण त्यानंतरही पाय पोटाशी घेऊन रडत राहिला, कुशीतही शांत झाला नाही, तर सिस्टरना बोलाव. "मुलं रडतातच" या उत्तरावर परत फिरू नकोस.

त्याचं नाक गळतंय असं तू शेवटी जाता जाता लिहिलंयस. ते आजच फोन करून भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांग. सर्दीत श्वासनलिका चटकन आवळते. त्यांनी दोन-तीन आठवडे पुढे ढकललं तर वाद घालू नकोस, आणि नवी तारीख मला कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या