विषय: लिहिलेला प्लॅनर ‘वापरलेला’ ठरवून बदलून देण्यास दिलेल्या नकाराबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राने जे उत्तर दिले, त्यानंतर पुन्हा फोन करण्याची माझी तयारी नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

आपला २०२६ सालचा ए-फाइव्ह आकाराचा सजावटी प्लॅनर मी १,४९९ रुपयांना घेतला, तो वेष्टनावर १२० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा), आम्लविरहित कागद आणि दोऱ्याने शिवलेली बांधणी असे छापलेले होते म्हणून. प्रत्यक्षात कण्यापाशी दोरा कुठेही नाही, पाने केवळ गोंदाने चिकटवली आहेत. प्लॅनर सपाट उघडला की कणा तडकतो आणि पाने सुटतात. मागची नोंदींसाठीची आठ कोरी पाने अशीच निखळली, तेव्हा मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. १२० जीएसएमच्या हिशेबाने ती सुमारे ३० ग्रॅम भरायला हवी होती, पण भरली २० ग्रॅम. हा ८० जीएसएमचा, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा कागद आहे, हे आपल्या उत्पादन विभागाला माझ्याआधी माहीत असणार.

या वहीत माझ्या घराचे सगळे चालते. डावीकडे वीजबिल, सोसायटीची सभा, मुलीच्या परीक्षा. उजवीकडे वॉशी टेपने, म्हणजे नक्षीदार कागदी चिकटपट्टीने लावलेले फोटो, गडकरी रंगायतनातल्या नाटकांची तिकिटे, तलावपाळीवर मुलीने काढलेली चित्रे. संक्रांतीच्या पानावर माझ्या आईने गुळाच्या पोळीचे प्रमाण, तीळकूट, खसखस आणि भाजलेल्या बेसनासह, स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे. तिचा हात आता लिहिताना कापतो. शाई पाठच्या पानावर उतरली आहे आणि ते पान कण्यापासून सुटले आहे. तिने ते पुन्हा लिहून द्यावे, असे मी तिला सांगणार नाही.

आता आजचे संभाषण. आपल्या प्रतिनिधीने आधी विचारले, “मॅडम, तुम्ही त्यात काही लिहिलंय का?” मी म्हणाले, हो, प्लॅनर आहे, लिहिणारच. त्यावर उत्तर आले, “मग ते वापरलेलं उत्पादन झालं, बदलून मिळणार नाही.” मी विचारले, न लिहिता बांधणी सुटते की नाही, हे कळणार कसे? थोडा वेळ फोन धरायला लावून वरिष्ठांना दिला. त्यांनी मोठी सवलत दिल्याच्या सुरात सांगितले की अपवाद म्हणून बदलून देऊ, पण लिहिलेला प्लॅनर आधी आमच्याकडे पाठवा. आलेला माल आम्ही नष्ट करतो, त्यातले काही परत मिळणार नाही. आईच्या अक्षरातले पान त्यात आहे, हे मी सांगितले. ते म्हणाले, “मॅडम, फोटो काढून ठेवा ना मोबाईलमध्ये. आजकाल सगळं अ‍ॅपमध्येच होतं.” कागदाचे प्लॅनर विकणाऱ्या कंपनीचा वरिष्ठ अधिकारी हे बोलतो, याचा मला आलेला संताप अजून उतरलेला नाही. ‘आठवणी जपा’ हे वाक्य आपण मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरात छापले आहे. ज्या आठवणी जपण्यासाठी मी पैसे मोजले, त्या नष्ट करण्याची अट आपण मला घालता!

आणखी एक. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे वटपौर्णिमा २९ जूनला येते. आपण ती ३१ मे रोजी, अधिकातल्या पौर्णिमेला, वडाच्या चित्रासह छापली आहे. मराठी सणांचा प्लॅनर म्हणून विकताना पंचांग उघडून पाहण्याइतके कष्ट तरी घ्यायला हवे होते.

माझी मागणी स्पष्ट आहे. माझा लिहिलेला प्लॅनर माझ्याकडेच राहील. त्याच्या दुरुस्तीसाठी शिवणबांधणीचा खर्च आणि पूर्ण किंमत आपण मला परत द्यावी. लिहिलेला प्लॅनर बदलून मिळत नाही, हा नियम लेखी पाठवावा. बांधणी शिवलेली नसताना वेष्टनावर तसे छापणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते तिथल्या, म्हणजे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. वेष्टन, सुटलेली पाने आणि काट्यावरचा फोटो मी जपून ठेवले आहेत. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढची पायरी आयोगाची असेल. पुढच्या वर्षीचा प्लॅनर मी आपल्याकडून घेणार नाही, आणि माझ्या ज्या मैत्रिणींनी माझ्या सांगण्यावरून तो घेतला, त्यांना हे पत्र मी वाचायला देणार आहे.

आपली ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)